झैद नावाच्या मुलाचा स्वभाव

आमच्या कुर्ल्याच्या घरात सध्या एकच विषय चाललाय, भाचीच्या बाळाचं नाव. अकीका, म्हणजे बाळाच्या नावाचा समारंभ, तोंडावर आलाय. 'झैद' बहुतेकांना पसंत होतं, पण फॅमिली ग्रुपवर कुणीतरी एक पान टाकलं, त्यात लिहिलेलं की या नावाची मुलं हट्टी आणि तापट निघतात, त्यांचा शुभ अंक ४. लगेच दुसऱ्याने दुसरं पान टाकलं. त्यात तीच मुलं शांत, हळवी, आणि शुभ अंक २. ओली बाळंतीण रात्रभर मोबाईलमध्ये डोकं घालून बसली. मला याचा मनापासून राग आला, म्हणून लिहितेय.

आधी हे आकडे येतात कुठून ते बघू. इंग्रजी अक्षरांना १ ते ९ अंक देतात आणि बेरीज करतात. झेड ८, ए १, आय ९, डी ४. झाले २२, म्हणजे ४. आता 'आय'च्या जागी 'वाय' लिहा, बेरीज २० आणि अंक २. 'ई' लिहिलात तर १८, म्हणजे ९. एका अक्षराने पोराचा स्वभाव पालटतो? अरबीत या नावात तीनच अक्षरं आहेत, ज़े, ये, दाल. इंग्रजी स्पेलिंग आपण शाळेसाठी आणि पासपोर्टसाठी करतो. अरबी अक्षरांना अंक देणाऱ्या ज्या अबजद पद्धतीने 'बिस्मिल्लाह'चा ७८६ निघतो, तिने झैदचे २१ होतात (७, १०, ४). पण त्यावरूनही कुणाचा स्वभाव निघत नाही.

अर्थ सरळ आहे, वाढ, भर, बरकत. आपण मराठीत 'जादा' म्हणतो ना, गणपतीला एसटी कोकणात जादा गाड्या सोडते, तो शब्दही याच अरबी धातूतून आलेला. लेकरासाठी छानच अर्थ.

पण अर्थावर सगळं ठरत असतं तर एक गोष्ट सांगा. 'यजीद' हे नावही त्याच धातूचं, अर्थही तोच, वाढीचा. आपल्याकडे कुणी मुलाचं नाव यजीद ठेवतं? डोंगरीत मोहर्रमला एकदा उभं राहून बघा, म्हणजे कळेल का ठेवत नाहीत. ६८० साली करबलाची लढाई झाली, खलिफा यजीदच्या फौजेकडून पैगंबरांचे नातू इमाम हुसैन शहीद झाले, आणि त्या एका माणसाच्या सत्तेपायी एक चांगल्या अर्थाचं नाव आपल्या घरांतून कायमचं गेलं. नावाला चांगलं-वाईट माणसं करतात.

आणि झैद नावाची माणसं कोण होती? पहिले हजरत झैद बिन हारिसा. लहानपणी पळवून नेलेले, उकाझच्या बाजारात गुलाम म्हणून विकले गेलेले. तिथून ते मोहम्मद पैगंबरांच्या पत्नी हजरत खदीजांकडे आणि मग पैगंबरांकडे आले. पुढे बाप आणि चुलते शोधत शोधत मक्केला आले, खंडणी भरायला तयार होते. पैगंबरांनी निर्णय झैदवरच सोडला, आणि त्यांनी पैगंबरांजवळ राहायचं निवडलं. पैगंबरांनी त्यांना मुक्त केलं, मुलगा मानलं. पैगंबरांच्या इतक्या साथीदारांपैकी कुराणात नावाने उल्लेख आहे तो फक्त यांचा, सूरह अहजाबच्या ३७व्या आयतीत. ६२९ साली मूताच्या लढाईत फौजेचं नेतृत्व करताना ते पडले. मला तर ही गोष्ट सांगताना प्रत्येक वेळी भरून येतं.

दुसरे झैद बिन साबित, मदिनेतला हुशार, तरुण लेखनिक. कुराण एकत्र करायचं काम पहिले खलिफा हजरत अबू बकरांनी त्यांच्यावर सोपवलं. खजुरीच्या झावळ्यांवर आणि दगडाच्या चिपांवर लिहिलेलं, लोकांना पाठ असलेलं, सगळीकडून त्यांनी ते गोळा केलं. एखादा डोंगर हलवायला सांगितला असता तरी तो याहून हलका वाटला असता, असं त्यांनीच म्हटल्याचं हदीसमध्ये आहे. भाचीला स्वभावच शोधायचा असेल तर तिने तो या दोघांत शोधावा.

"फार कॉमन झालंय" ही दुसरी तक्रार, बाळाच्या दादीची. खरंय, आमच्याच बिल्डिंगमध्ये या नावाची पोरं आहेत. पण ही आजची फॅशन नाही. अरबी व्याकरणाच्या पुस्तकांत हजार वर्षांहून जास्त काळ उदाहरणाला झैद आणि अम्र येतात, जसा आपल्या संस्कृतच्या तासाला 'रामः रामौ रामाः' यायचा. शिवाय नाव छोटं आहे, कोकणातल्या आजीलाही नीट म्हणता येतं आणि वर्गातल्या जोशीबाईंनाही. एका भावाने सुचवलं की ऐकून धर्म कळणार नाही असं काही ठेवा, उद्या भाड्याने घर घेताना सोपं जाईल. त्याचा मी राग करत नाही. त्याने या शहरात खोल्या शोधल्यात. पण घर देणाऱ्याने बदलावं, बाळाने का?

भाचीला मी एवढंच सांगितलं की घाई करू नकोस. जन्माची नोंद २१ दिवसांत करायची असते, नाव मात्र दाखल्यात नंतरही घालता येतं, कायद्याने १५ वर्षांपर्यंत. पण एकदा ठरलं की दाखला, आधार, शाळा, पासपोर्ट, सगळीकडे एकच स्पेलिंग ठेव. आमच्या नात्यात अर्धी माणसं आखातात नोकरीला आहेत, एका अक्षरापायी व्हिसाला किती हेलपाटे पडतात ते तिच्या अब्बांना विचारा.