उशिरा सुटलेले विमान आणि वेळेवर सुटलेले विमान

न्यू जर्सीत राहणाऱ्या आणि नेवार्क विमानतळावरून ये-जा करणाऱ्या मराठी मंडळींच्या बोलण्यात २०२५च्या उन्हाळ्यापासून दोन तक्रारी एका दमात येऊ लागल्या. विमाने फार उशिरा सुटतात ही एक, आणि आता विमानात बसायची भीती वाटते ही दुसरी. मला या दोन तक्रारी एकमेकींच्या विरुद्ध जाणाऱ्या वाटतात आणि त्याचे कारण जरा सविस्तर मांडावे म्हणून हे लिहीत आहे. हवाई वाहतूक नियंत्रक पुरेसे नाहीत म्हणून आपले विमान तासभर जमिनीवर खोळंबते, तेव्हा सुरक्षेची व्यवस्था शाबूत असते; हाताळणारी माणसे कमी, म्हणून आकाशात सोडलेली विमानेही कमी, इतकाच त्याचा अर्थ. काळजी करावी ती माणसे कमी असूनही विमाने पूर्वीइतकीच उडत असतील आणि वेळापत्रकही बिनचूक पाळले जात असेल तेव्हा, कारण अशा वेळी ती तूट कोणीतरी अंगावर काढत असते.

नेवार्कचेच पाहू. त्या विमानतळाकडे येणाऱ्या-जाणाऱ्या विमानांचे नियंत्रण पूर्वी लाँग आयलंडवरच्या केंद्रातून होत असे. तिथे माणसे मिळत नाहीत आणि मिळालेली टिकत नाहीत म्हणून जुलै २०२४मध्ये एफएएने, म्हणजे अमेरिकेच्या विमान वाहतूक नियामक संस्थेने, हे काम फिलाडेल्फियाला हलवले. काही नियंत्रक नाराजीनेच तिकडे गेले. माणसे हलली तरी रडारची माहिती मात्र न्यूयॉर्ककडूनच दूरसंचार वाहिन्यांमार्फत फिलाडेल्फियाला पोहोचत राहिली. २८ एप्रिल २०२५ला ती वाहिनी बंद पडली आणि मिनिट-दीड मिनिट रडारचे पडदे काळे झाले. वैमानिकांशी बोलण्याचा रेडिओही काही काळ गेला. पडद्यावर काहीच दिसत नाही, पण विमाने आकाशात आहेत हे ठाऊक आहे, अशा अवस्थेतून गेलेल्या काही नियंत्रकांनी त्यानंतर मानसिक आघातासाठी कायद्याने मिळणारी रजा घेतली. ९ मेच्या पहाटे पुन्हा तसेच घडले.

यावर युनायटेड एअरलाइन्सचे प्रमुख स्कॉट कर्बी यांनी ग्राहकांना लिहिलेल्या पत्रात नेवार्कचे वीस टक्क्यांहून अधिक नियंत्रक काम सोडून निघून गेल्याचे म्हटले. मला ते वाक्य अन्यायकारक वाटले आणि नियंत्रकांच्या संघटनेनेही ते खोडून काढले. कर्बींनी त्याच पत्रात नेवार्कवरील आपल्या रोजच्या ३५ फेऱ्या कमी केल्याचे जाहीर केले होते, हा भाग मात्र शहाणपणाचा होता. पुढे एफएएने धावपट्टीच्या दुरुस्तीच्या काळात तासाला २८ विमाने उतरतील आणि २८ सुटतील अशी मर्यादाच घातली. आपल्यापैकी अनेकांनी तेव्हा मुक्काम लांबल्याबद्दल, पुढचे विमान चुकल्याबद्दल बोटे मोडली. खरे तर इतक्या दिवसांनी प्रथमच तिथली वाहतूक तिथल्या माणसांच्या आवाक्यात आणली गेली होती.

ही तूट भरून काढायला इतका वेळ का लागतो, हे नियंत्रकाच्या नोकरीच्या अटी पाहिल्या की कळते. वयाची ३१ वर्षे पूर्ण होण्याआधी नेमणूक व्हावी लागते आणि ५६व्या वर्षी सक्तीने निवृत्त व्हावे लागते. ओक्लाहोमा सिटीतल्या अकादमीत बरेच उमेदवार गळतात. जे टिकतात त्यांना नेमलेल्या केंद्रात जाऊन तिथले हवाई मार्ग, तिथले वारे, तिथली गर्दी अनुभवी नियंत्रकाच्या शेजारी बसून शिकावी लागते आणि अवघड केंद्रात पूर्ण प्रमाणित होईपर्यंत दोन-तीन वर्षे सहज जातात. शिकवायचे कोणी, तर आधीच आठवड्याचे सहा दिवस, दहा-दहा तास काम करणाऱ्यांनी. शिवाय फिलाडेल्फियात शिकलेला माणूस शिकागोत नेऊन बसवला की लगेच कामाचा ठरत नाही. २०२५ साली पूर्ण प्रमाणित नियंत्रक सुमारे १०,८०० होते आणि तूट तीन हजारांच्या पुढे होती. त्याच वर्षी नॅशनल अकॅडमीज या अमेरिकेतल्या तज्ज्ञ संस्थेच्या अहवालाने दाखवून दिले की २०१३ ते २०२३ या काळात एफएएने स्वतःच्याच गणिताप्रमाणे लागणाऱ्या नियंत्रकांपैकी जेमतेम दोन-तृतीयांश भरती केली; आणि जी माणसे आहेत तीही नीट वाटलेली नाहीत, काही केंद्रांत गरजेपेक्षा जास्त तर काहींत फारच कमी आहेत. तेव्हा निव्वळ पैसा कमी पडला असे म्हणून सुटता येत नाही.

याची मुळे १९८१पर्यंत जातात, असे अनेक जाणकार सांगतात. त्या वर्षी ३ ऑगस्टला नियंत्रकांनी संप पुकारला आणि दोनच दिवसांनी अध्यक्ष रेगन यांनी कामावर न परतलेल्या ११,०००हून अधिक जणांना बडतर्फ केले. पर्यवेक्षक, लष्करातले नियंत्रक आणि संपात न गेलेले यांच्या बळावर कारभार चालवला गेला, मोठ्या विमानतळांवरची उड्डाणे सक्तीने कमी केली गेली, आणि बडतर्फ नियंत्रकांना पुन्हा अर्ज करण्याची मुभा थेट १९९३ साली क्लिंटन यांनी दिली. बडतर्फांच्या जागी एका झटक्यात भरलेली पिढी पुढे साधारण एकाच काळात निवृत्तीला आली. मधल्या काळात करोनाने २०२०मध्ये अकादमी काही महिने बंद ठेवली, ती भर वेगळीच.

आता भीतीबद्दल. फेब्रुवारी २००९मध्ये बफेलोजवळ झालेल्या अपघातानंतर जानेवारी २०२५पर्यंत, म्हणजे जवळजवळ सोळा वर्षे, अमेरिकन प्रवासी विमान कंपनीचा एकही मोठा प्राणघातक अपघात झाला नाही. हा लौकिक खरा आहे आणि म्हणूनच फसवा आहे. २९ जानेवारी २०२५च्या रात्री वॉशिंग्टनच्या रेगन विमानतळाजवळ प्रवासी विमान आणि लष्कराचे हेलिकॉप्टर पोटोमॅक नदीवर एकमेकांवर आदळले आणि ६७ जणांचा मृत्यू झाला. त्या वेळी टॉवरमध्ये हेलिकॉप्टरांचे आणि विमानांचे अशी दोन्ही कामे एकच नियंत्रक पाहत होता. अपघाताचे हे एकमेव कारण नव्हते, हे आवर्जून सांगितले पाहिजे. हेलिकॉप्टरचा मार्ग आणि धावपट्टीकडे उतरणाऱ्या विमानाचा मार्ग यांत काही ठिकाणी अवघे ७५ फूट उभे अंतर उरू शकत होते, असे चौकशी यंत्रणेने सांगितले. आणि २०२१ ते २०२४ या काळात तिथे विमाने व हेलिकॉप्टरे धोकादायक अंतरावर आल्याच्या १५,२१४ नोंदी आधीच उपलब्ध होत्या. त्या नोंदी कोणी वेळीच वाचल्या नाहीत. (अपघाताच्या दुसऱ्याच दिवशी अध्यक्ष ट्रम्प यांनी पुराव्याशिवाय भरतीतल्या विविधतेच्या धोरणाला दोष दिला आणि आपल्या काही व्हॉट्सॲप गटांनी तो उत्साहाने पुढे पाठवला, याचे वाईट वाटते.)

एक माणूस, दोन कामे, ही मांडणी विमान वाहतुकीच्या इतिहासात नवी नाही. १ जुलै २००२च्या रात्री जर्मनीतल्या युबरलिंगेनजवळ दोन विमानांची हवेत टक्कर होऊन ७१ जण मेले, त्यांत शाळकरी मुले पुष्कळ होती. तिथली वाहतूक पाहणाऱ्या झुरिकच्या केंद्रात तेव्हा एकच नियंत्रक दोन पडद्यांवर काम करत होता, दुसरा विश्रांतीला गेला होता आणि दुरुस्तीमुळे मुख्य टेलिफोन वाहिनी बंद होती. अशी विश्रांती घेण्याची पद्धत वरिष्ठांना ठाऊक होती आणि चालवून घेतली जात होती. दीड-दोन वर्षांनी एका मृताच्या नातेवाइकाने त्या नियंत्रकाचा खून केला. पुढे २००७ साली स्विस न्यायालयाने ज्यांना दोषी ठरवले, त्यांत व्यवस्थापक होते. एखाद्या रात्री माणूस चुकतो तेव्हा त्याला त्या रात्री एकटे कोणी बसवले, हे विचारायला पाच वर्षे लागली.

म्हणून मला शटडाऊनच्या, म्हणजे खर्चाला मंजुरी न मिळाल्याने अमेरिकी सरकारचे कामकाज बंद पडते त्या काळातल्या, बातम्यांमध्ये प्रवाशांच्या हालांपेक्षा दुसरीच गोष्ट महत्त्वाची वाटते: माणसे कमी पडली तेव्हा विमाने कमी केली गेली. २०१८-१९च्या शटडाऊनमध्ये २५ जानेवारीला मोजके नियंत्रक कामावर येऊ शकले नाहीत, न्यूयॉर्कच्या ला गार्डिया विमानतळाकडे येणारी विमाने थांबवावी लागली आणि त्याच दिवशी राजकीय तडजोड झाली. २०२५मध्ये १ ऑक्टोबर ते १२ नोव्हेंबर असे ४३ दिवस नियंत्रकांनी पगाराविना काम केले आणि ७ नोव्हेंबरपासून ४० विमानतळांवरची उड्डाणे टक्केवारीने कमी करण्यात आली. योगायोग असा की नेमक्या त्याच सुमारास दिल्ली विमानतळावर नियंत्रकांकडे उड्डाणांचे संदेश पाठवणारी यंत्रणा कोलमडली, उड्डाणांचे तपशील हाताने भरण्याची वेळ आली आणि आठशेहून अधिक विमानांना उशीर झाला. दोन्हीकडे प्रवाशांनी आरडाओरडा केला, आणि दोन्हीकडे वेग कमी करण्याचा निर्णय बरोबर होता.

शटडाऊन संपल्यावर मात्र वाहतूक मंत्री शॉन डफी यांनी जे केले, ते मला अजून पटलेले नाही. त्या ४३ दिवसांत एकही दिवस न चुकलेल्या ७७६ नियंत्रक आणि तंत्रज्ञांना प्रत्येकी १०,००० डॉलरचा बोनस जाहीर झाला. बाकीचे हजारो, ज्यांतले कोणी आजारी मुलासाठी, कोणी दुसरी नोकरी करून भाडे भरण्यासाठी एखादा दिवस राहिले असतील, ते वगळले गेले. थकलेल्या अवस्थेत रडारसमोर बसू नये आणि आपण कामाला योग्य नसू तर तसे सांगावे, ही या व्यवसायातली पहिली शिकवण आहे. सरकारने बक्षीस दिले ते एकदाही तसे न सांगणाऱ्यांना.