तिकिटं छापायची नाशिकरोडला, आणि नाशकात पाच रुपयांचं तिकीट नाही!

"पाच रुपयांची तिकिटं नाहीत. कधी येतील सांगता येत नाही. आणि मॅडम, आजकाल साध्या टपालानं टाकतं कोण?"

हे मला परवा पोस्टाच्या खिडकीवर ऐकवलं गेलं. संक्रांत तोंडावर आलेली, हातात पाकिटांची पिशवी, मागे आधार दुरुस्तीवाल्यांची रांग. खिडकीतल्या मुलानं मान वर करून बघितलंसुद्धा नाही. मी म्हटलं, दहाची द्या. तीही नाहीत. मग जी असतील ती द्या, जास्तीचे पैसे जाऊ देत, लावते. त्यानं ड्रॉवर अर्धवट उघडला, बंद केला, आणि म्हणाला, "स्पीड पोस्ट करून टाका ना, कशाला त्रास करून घेता?"

त्रास मी करून घेत होते म्हणे!

नागपूरच्या आत्याचं पाकीट त्यानं काट्यावर टाकलं. आत एक कार्ड आणि घरी केलेल्या काटेरी हलव्याची एवढीशी पुडी. परातीत तीळ हलवत, पाकाचे थेंब सोडत, पाठ मोडेपर्यंत बसलं की जो होतो तो हलवा. पुडीमुळे वजन पन्नास ग्रॅमच्या वर गेलं. पन्नासच्या वर गेलं की अंतराप्रमाणे भाव, पाचशे किलोमीटरच्या पुढे ६८ रुपये, वर अठरा टक्के जीएसटी. ८० रुपये २४ पैसे. कार्डाची किंमत याच्या निम्मीही नाही. आणि हे एक पाकीट झालं, पिशवी अजून भरलेलीच होती.

मी म्हटलं, "अहो, ही तिकिटं आपल्या नाशिकरोडलाच छापतात ना?" तर तो म्हणतो, "मग तिकडूनच घ्या."

रांग हसली. सगळी रांग! माझ्यासारखीच तासभर तिष्ठत उभी असलेली माणसं माझ्यावर हसली. तो मुलगा एकटाच आधार, पासबुक, आवर्ती ठेव, पार्सल सगळं बघत होता, हे मलाही दिसत होतं. एका माणसावर चार खिडक्यांचं काम टाकणारे वरचे साहेब वेगळे, त्यांच्यावर राग आहेच. पण तरीही हे वाक्य बोलायचं नव्हतं. नाशिककर माणसाला तर मुळीच नाही. इंडिया सिक्युरिटी प्रेस १९२५ पासून इथं आहे. त्याआधी हिंदुस्थानची तिकिटं लंडनला छापून बोटीनं यायची, ती नाशिकला छापायला लागली. पोस्टकार्डं इथली, अंतर्देशीय पत्रं इथली. नाशकात निम्म्या घरांमधून कुणी ना कुणी 'प्रेसमध्ये' असायचं, नुसतं प्रेस म्हटलं तरी सगळ्यांना कळायचं. सगळ्या देशाला तिकीट पुरवणारं हे गाव, आणि दहा-बारा किलोमीटरवरच्या खिडकीत पाच रुपयांचं तिकीट नाही? याची त्यांना लाज वाटायला हवी होती, हसलं गेलं मात्र मला.

आता कुणी सांगायला येऊ नका की साध्या टपालाचे दर वाढलेले नाहीत. माहीत आहे. पोस्टकार्ड पन्नास पैसे, अंतर्देशीय अडीच रुपये, वीस ग्रॅमपर्यंतचं पाकीट पाच रुपये. हेच मला जास्त संतापजनक वाटतं. दर कागदावर तसाच ठेवायचा, म्हणजे गरिबाचं टपाल स्वस्त आहे असं मिरवता येतं. आणि प्रत्यक्षात तिकीट ठेवायचं नाही, पेटी काढून टाकायची, टाकलेलं पत्र कधी पोचेल याची हमी द्यायची नाही. मग माणूस जाणार कुठं? स्पीड पोस्टकडे. तिथं गावाबाहेरच्या पन्नास ग्रॅमच्या पाकिटाला ३५ रुपये होते, ते १ ऑक्टोबर २०२५ पासून ४७ झाले. गावातल्या गावात १५ चे १९. जीएसटी वेगळा, रजिस्ट्रेशन हवं तर पाच रुपये आणखी. ही दरवाढ नाही तर काय? पाच रुपयांचा रस्ता बंद करून सत्तेचाळीसच्या रस्त्यावर लोकांना ढकललं आहे.

मध्ये एक रस्ता होता, रजिस्टर पोस्टाचा. बावीस रुपये आणि कर धरून सव्वीसच्या आत पत्र जायचं, हातात पावती मिळायची, घेणाऱ्याची सही घेतली जायची. २०२५ मध्ये तेही स्पीड पोस्टात मिसळून टाकलं. मधली पायरीच गेली. बुकपोस्टानं भेटकार्ड पाठवायचो ते आठवतंय का? पाकिटाची झडप न चिकटवता आत खोचायची, कमी तिकिटात काम व्हायचं. मेन रोडवर दिवाळीच्या आधी कार्डांचे स्टॉल लागायचे, उभं राहायला जागा नसायची. आत्याला समईचं, मामांना किल्ल्याचं, मैत्रिणीला फुलांचं, प्रत्येकाची आवड लक्षात ठेवून निवडायला अख्खी संध्याकाळ जायची. आता तिथं मोबाइलची कव्हरं टांगलेली असतात.

आमच्या कोपऱ्यावर लाल पेटी होती. आधी तिच्यावरची वेळेची पाटी गेली, मग झाकण लोंबकळायला लागलं, मग रस्ता खोदला तेव्हा पेटीच उचलून नेली. रस्ता झाला, पेटी आली नाही. चौकशी केली तर उत्तर काय, "पत्रंच निघत नव्हती त्यात." कशी निघतील? पेटी उघडायला कुणी येत नाही हे दिसत असताना त्यात पत्र टाकणार कोण? आधी सेवा मोडायची आणि मग लोकच वापरत नाहीत म्हणून ती बंद करायची, हे गेली कित्येक वर्षं बघतेय मी. राखीचंही तेच. २०२५ च्या ऑगस्टमध्ये, राखीपौर्णिमेला जेमतेम आठवडा उरलेला असताना, नवी संगणक यंत्रणा सुरू केली. ज्या आठवड्यात देशभरच्या बहिणी रांगेत असतात तोच आठवडा बरा सापडला! माझ्या भावाला राखी पोचली तेव्हा गोपाळकाला होऊन गेला होता.

आणि भाऊ काय म्हणतो? "ताई, व्हॉट्सअॅप करत जा ना, डेन्मार्कनं तर पत्रं वाटणंच बंद केलं." बातमी पाठवली मला, व्हॉट्सअॅपवरच. वाचली मी. ३० डिसेंबर २०२५ ला तिथल्या सरकारी टपाल कंपनीनं शेवटची पत्रं वाटली, चारशे वर्षांची सेवा संपवली. पण नीट वाच म्हणावं. २००० पासून तिथली पत्रं नव्वद टक्क्यांनी घटली हे खरं, पण २०२४ च्या कायद्यानं टपालाची करसवलतही काढून घेतली आणि एका पत्राला २९ क्रोनर पडायला लागले. मोजक्या उरलेल्या लोकांनाही महाग करून हाकललंच ना? इंग्लंडमध्ये फर्स्ट क्लासचं तिकीट २०२० साली ७६ पेन्स होतं, ते २०२५ च्या एप्रिलमध्ये १ पौंड ७० पेन्स झालं. सगळीकडे तोच प्रकार.

व्हॉट्सअॅपचं तर नावच काढू नका. संक्रांतीला सकाळी सहापासून सुरू. तोच पतंग, तेच चमकणारे तीळ, खाली कुठल्या तरी नगरसेवकाचा हात जोडलेला फोटो. ज्यानं पाठवलं त्यानं स्वतः वाचलेलं नसतं. मला आलेलं तेच चित्र तीन ग्रुपांमधून परत येतं. यात मी कुठं आहे? माझ्यासाठी कुणी काय निवडलं? आत्याला तर आता मोबाइलवरची अक्षरंही दिसत नाहीत. कार्ड मात्र ती डोळ्यांजवळ धरून, बोट फिरवत वाचते, पुन्हा वाचते, आणि पुढच्या संक्रांतीपर्यंत देवघराच्या फळीवर ठेवते. तिला मी पतंगाचं चित्र फॉरवर्ड करू?

कुरिअर कर म्हणणारेही आहेत. पत्ता लिहिलेला असतो, खुणेचं देऊळ लिहिलेलं असतं, पिनकोड असतो, तरी फोन येतोच, "मॅडम, लोकेशन पाठवा." अरे, पाकिटावर सहा आकडे आहेत ते बघ की! १५ ऑगस्ट १९७२ ला हा पिनकोड सुरू झाला, तो आपल्या श्रीराम भिकाजी वेलणकरांनी बसवला. टपाल खात्यातला मोठा अधिकारी आणि संस्कृतातला कवी, मराठी माणूस. पहिल्या आकड्यावरून विभाग कळावा आणि शेवटच्या तिनांवरून थेट वाटपाचं पोस्ट कळावं, इतकी चोख रचना करून दिली त्यांनी. पत्ता वाचणारी आणि पत्र दारात नेऊन देणारी माणसंही याच खात्यात होती. आमचे जुने पोस्टमनकाका अर्धवट पत्त्याचं पत्रसुद्धा आणून द्यायचे, कमी तिकिटाचं असलं तर दुप्पट वसूल करायचे पण आणायचे. ती माणसं निवृत्त झाली, त्यांच्या जागा भरल्या का हे एकदा विचारा.

मन असलं की जमतं यांना. १८ डिसेंबर २०२४ ला पुस्तकांचं स्वस्त रजिस्टर बुकपोस्ट असंच एका फटक्यात बंद केलं. छोटे प्रकाशक, पुस्तकविक्रेते, वाचक ओरडले. मग १ मे २०२५ पासून ज्ञान पोस्ट आणलं. तीनशे ग्रॅमपर्यंत वीस रुपये, पाच किलोपर्यंत शंभर, वर ते कुठवर पोचलं हेही कळतं. चांगलं केलं, पुस्तकांसाठी मला आनंदच आहे. मग भेटकार्डांसाठी, राख्यांसाठी, हलव्याच्या पुडीसाठी असा एक दर का नाही? आठ दिवसांनी पोचलं तरी चालेल, पण पोचलं एवढं कळू दे. दिवाळी, संक्रांत, राखी, एवढ्या तीन सणांना तरी करा.

पाच किलो पुस्तकांना शंभर रुपये आणि साठ ग्रॅमच्या पाकिटाला अडुसष्ट, हा हिशेब कुठल्या साहेबानं बसवला ते मला समोर बसून समजावून सांगावं. मी लेखी विचारणार आहे. आणि पत्र टपालानंच पाठवणार आहे.