चौघांची खोली आणि एकाची झोप

बार्शीकरचं म्हणणं सरळ होतं. पूर्वपरीक्षा होईपर्यंत झोप हा विषयच काढायचा नाही. पाच तास पुरतात, त्यावरची झोप म्हणजे चैन. त्याच्या अभ्यासिकेत भिंतीवर 'जो झोपला तो संपला' असा कागद चिकटवलाय आणि त्यावर त्याचा मनापासून विश्वास आहे.

पुण्यात नवी पेठेत मेस आटोपली की शास्त्री रस्त्याला एका बंद दुकानाच्या पायरीवर आमचा कट्टा भरतो. हाका गावाच्या नावानेच. बार्शीकर एमपीएससी करतो, सातारकर इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, नांदेडकर विद्यापीठात मानसशास्त्रात एमए करते. परवा वाद पेटला तो सातारकरमुळे. सकाळी आठच्या प्रॅक्टिकलला त्याचा डोळा लागला आणि सरांनी वर्गाबाहेर काढलं.

"रात्री मोबाइल चाळत बसतोस, दुसरं काय!" बार्शीकर म्हणाला. "लवकर निजे, लवकर उठे, शाळेत शिकवलं नव्हतं का?"

"अरे, अकराला आडवा होतो. झोपच येत नाही, तर काय करू?"

इथे नांदेडकर मध्ये पडली. विशीच्या आसपास शरीराचं घड्याळ आयुष्यात सगळ्यात उशिराच्या वेळेवर असतं, असं तिने सांगितलं. मूल मोठं होताना झोपेची वेळ पुढे पुढे सरकते, साधारण विसाव्या वर्षी टोक गाठते आणि मग हळूहळू मागे येते. म्युनिकचे झोपेचे संशोधक रोनेबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ साली हे मांडलं. किशोरवय कधी संपलं हे ओळखायची ती खूणच आहे, असं त्यांचं म्हणणं. म्हणजे साताऱ्याचा हा पोरगा अकराला टक्क जागा असतो यात त्याचा आळस कुठे आला? आणि आठचं प्रॅक्टिकल लावणाऱ्यांच्या वयाला सकाळी आठ वाजता काहीच जड जात नाही, हेही लक्षात घ्यायला हवं.

"ते ठीक," बार्शीकर म्हणाला, "पण तू रात्री उशिरा चहा पितोस त्याचं काय?" हा मुद्दा मात्र त्याचा बरोबर होता. दिवसभर जागं राहिल्यावर मेंदूत अ‍ॅडेनोसिन नावाचं रसायन साठत जातं आणि तेच आपल्याला झोपेकडे ढकलतं. कॅफिन त्याचीच जागा अडवून बसतं आणि पाचेक तासांनीही त्यातलं निम्मं अंगात असतं. सातारकरने हातातला कप खाली ठेवला नाही, पण ऐकून घेतलं.

मग नांदेडकरने मोबाइलवर झोप कशी आहे हे मोजणारी एक प्रश्नावली उघडली. पिट्सबर्ग विद्यापीठातल्या संशोधकांनी १९८९ साली केलेली, गेल्या महिन्याभराच्या झोपेबद्दल १९ प्रश्न. त्यांचे सात भाग, प्रत्येकाला शून्य ते तीन गुण, एकूण २१. पाचाच्या वर गेलात की झोप वाईट. विद्यार्थ्यांच्या झोपेवर जगभरात अभ्यास होतात, त्यांत बहुतेक वेळा हीच वापरतात. "पाच तास पुरतात ना तुला? चल, भर."

बार्शीकर ऐटीत पुढे सरकला. अंथरुणावर कधी पडतोस? बाराला. उठतोस कधी? सातला. झोप लागायला किती वेळ जातो? पाऊण तास तरी. आठवड्यातून किती वेळा? जवळपास रोजच. प्रत्यक्ष झोप किती? पाच तास.

नांदेडकर थांबली. "अरे, तू सात तास अंथरुणात असतोस आणि झोपतोस पाच. म्हणजे ७१ टक्के. याचेच दोन गुण. पाच तासांचे आणखी दोन. झोप लागायला लागणाऱ्या वेळेचे तीन. झाले सात. अजून चार भाग बाकी आहेत."

बार्शीकर गप्प झाला. मला वाटतं त्या संध्याकाळचा खरा मुद्दा हाच होता. पाच तास त्याने ठरवलेले नव्हतेच, त्याला पाचच मिळत होते. सक्तीने आलेल्या गोष्टीला तो जिद्द म्हणत होता. पेठांमधली किती पोरं असंच करत असतील, या विचाराने मला खरोखर वाईट वाटतं.

मधले दोन तास जातात कुठे, हे त्याच्या खोलीत गेलेल्या कुणालाही सांगता येईल. कॉट बेसिसवर, म्हणजे एकेका कॉटचं भाडं भरून, चौघं. लोखंडी कॉट भिंतीला लावलेल्या, आणि एकुलती ट्यूबलाइट नेमकी बार्शीकरच्या कॉटवर. एक जण रात्रपाळी आटोपून एकला येतो, लाइट लावून डबा उघडतो. दुसरा पोलिस भरतीच्या तयारीला लागलाय. तो साडेचारचा गजर लावतो, दोनदा बंद करतो, तिसऱ्यांदा उठतो, तोवर बाकीचे तिघं जागे. मिटलेल्या पापणीतूनही उजेड आत जातो आणि मेंदूत रात्रीची खबर देणारं मेलाटोनिन कमी होतं.

"या प्रश्नावलीत गजर, ट्यूबलाइट यांचा प्रश्न कुठाय?" सातारकरने विचारलं.

नांदेडकरने यादी दाखवली. झोप का मोडते? लघवीला उठावं लागतं, श्वास नीट घेता येत नाही, खोकला, थंडी, उकाडा, वाईट स्वप्नं, दुखणं. उजेड आणि दुसऱ्याचा गजर यांना स्वतंत्र ओळ नाही. ते सगळं 'इतर कारणे' मध्ये लिहायचं. शेवटी खोलीतल्या जोडीदाराला पाच प्रश्न आहेत, पण ते साक्षीदार म्हणून: हा घोरतो का, झोपेत पाय झटकतो का. त्याच्या गुणांची बेरीजही होत नाही. तो जोडीदारच तुमची झोप मोडत असेल, तर ते सांगायलाही तीच 'इतर कारणे' ची ओळ.

माझं मत इथे पक्कं झालं. कॉट बेसिसवर राहणाऱ्याची झोप एकट्याने सुधारत नाही. मोबाइल लांब ठेव, ध्यान कर, गरम दूध पी, हे सल्ले स्वतंत्र खोली असणाऱ्याला ठीक आहेत. इथे चौघांनी मिळून ठरवावं लागतं: साडेबारानंतर ट्यूबलाइट बंद, त्यानंतर टेबललॅम्प भिंतीकडे वळवून; पहाटे उठणाऱ्याने कपडे आणि बूट रात्रीच काढून ठेवायचे; गजर उशाखाली, कंपनावर.

"भाडं मीही देतो," बार्शीकर उसळला, "मला दोनपर्यंत वाचायचं असलं तर?"

"चोवीस तासांची अभ्यासिका कशाला आहे मग? तिथे जा," सातारकर म्हणाला. "आणि वाचून लगेच झोप. मागे हिनेच सांगितलं होतं ना?" १९२४ साली अमेरिकेत कॉर्नेलमध्ये दोन विद्यार्थ्यांना निरर्थक अक्षरं पाठ करायला लावली होती, पाठ केल्यावर झोपलं की ती जास्त लक्षात राहिली, जागं राहिलं की कमी. राज्यघटनेची कलमं पाठ करणाऱ्याने याचा विचार करायलाच हवा.

पण नांदेडकरला अभ्यासिकेचा तोडगा पटला नाही. "तुम्हाला जाता येतं. आमच्या हॉस्टेलचं गेट दहाला बंद होतं. आम्हा चौघींना वाचायलाही तीच खोली आणि झोपायलाही. एकीची परीक्षा असली की चौघींचं जागरण. मैत्रिणीला लाइट बंद कर कसं म्हणू? तिने जायचं कुठे?"

यावर आमच्याकडे लगेच उत्तर नव्हतं. तिचं होतं. हॉस्टेलमध्येच रात्री बसायला वेगळी जागा हवी, जिन्याजवळ चार खुर्च्या आणि एक दिवा असला तरी चालेल. डिपॉझिट देण्याआधी पाणी किती वेळ, वायफाय आहे का, हे सगळे विचारतात. रात्री वाचायला जागा कुठे आहे, हेही विचारायचं.

"मालक नाही म्हणाला तर?"

"आम्ही सतरा जणी आहोत मजल्यावर. एकीने विचारलं तर नाही म्हणेल. उद्या सगळ्या मिळून जातोय."

बार्शीकरने तिच्याकडून ती प्रश्नावली मागून घेतली. खोलीतल्या तिघांकडूनही भरून घेतो म्हणाला.