बंदोबस्त कोल्ह्याचा नको, उकिरड्याचा करा

आमच्या कॉलनीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर गेल्या आठवड्यापासून एकच विषय चाललाय. कोणीतरी पहाटे गच्चीवरून कोल्ह्याचा व्हिडिओ काढला. अंधुक, हललेला, त्यात दोन चमकते डोळे आणि मागून एका बाईंचा आवाज, "अहो, तो बघा, तो बघा!" दुपारपर्यंत त्या कोल्ह्याचा बिबट्या झाला होता. संध्याकाळी एकाने कुठल्यातरी भलत्याच गावचा जुना फोटो टाकला. रात्री अर्जाचा मसुदा आला: वनविभागाने पिंजरा लावून हिंस्र प्राण्यांचा तातडीने बंदोबस्त करावा. सह्या सुरू झाल्या. माझी सही घ्यायला दोघंजण घरी आले. म्हणे, "मॅडम, तुम्ही तर रोज पहाटे पळायला जाता, तुमचीच सही आधी पाहिजे."

मी सही केली नाही. का नाही, ते दारात उभ्या उभ्या सांगता आलं नाही, म्हणून इथे लिहितेय. पोस्ट लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

आम्ही राहतो संभाजीनगरला, बीड बायपासच्या पलीकडे, सातारा-देवळाईच्या अंगाला. ज्यांना हा भाग माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते: शहराच्या दक्षिणेला डोंगराची रांग आहे, अलीकडे इथल्याच सातारा गावच्या खंडोबाचं जुनं देऊळ, आणि मधल्या माळावर गेल्या काही वर्षांत भराभर उगवलेल्या कॉलन्या, रो-हाउस, अर्धवट सांगाडे आणि चारी कोपऱ्यांना दगड रोवून ठेवलेले प्लॉट. रस्ता थोडा सिमेंटचा, पुढे मुरमाचा, त्याच्या पुढे नुसती पायवाट. डोंगराच्या बाजूने सोलापूर-धुळे महामार्गाचा नवा बायपास गेलाय. उन्हाळ्यात पाचच्या आत बाहेर पडावं लागतं, नाहीतर सात वाजताच ऊन डोक्यावर बसतं. त्यामुळे माझं पळणं बहुतेक अंधारातच सुरू होतं.

आणि अंधारात या माळावर कोण कोण राहतं ते कळायला लागतं. ससा तर इतका नित्याचा की आता मान वळवून बघणंही होत नाही. बांधकामासाठी आणलेल्या विटांच्या ढिगातून मुंगूस निघतं. पावसाळ्याच्या तोंडाला मोर चक्क पाण्याच्या टाकीवर चढून ओरडतो आणि अख्खी गल्ली उठवतो. थंडीत कोवळं ऊन पडलं की घोरपड दगडावर येऊन पसरते. पिंगळा विजेच्या तारेवर बसून माझ्याकडे असा बघतो, जणू एवढ्या सकाळी घर सोडायचं काही कारण नव्हतं.

टिटवीबद्दल मात्र थोडं जास्त सांगायला पाहिजे, कारण या भागात पळणाऱ्यांवर सगळ्यात जास्त हल्ले तीच करते. उन्हाळा लागला की ती प्लॉटवरच्या खडीत अंडी घालते. घरटं म्हणजे काय, चार खडे बाजूला सारून केलेला उथळ खळगा. अंडी मातकट, त्यांवर काळे डाग, बहुतेक वेळा चार, निमुळती टोकं आत करून ठेवलेली. दोन हात अंतरावर उभं राहिलं तरी दिसत नाहीत. तुम्ही जवळ येताय असं वाटलं की ती गुपचूप उठून लांब चालत जाते आणि तिथून ओरडायला लागते, म्हणजे तुम्हाला वाटावं की अंडी तिकडेच आहेत. तरी तुम्ही चुकून बरोबर दिशेने गेलात, तर डोक्यावरून असा सूर मारते की टोपी सांभाळावी लागते. आमच्या गावाकडे टिटवीने उंचवट्यावर अंडी घातली तर पाऊसपाणी चांगलं आणि ओढ्याच्या पात्रात घातली तर वर्ष कोरडं, असं जुनी माणसं धरतात. इथल्या एका टिटवीने अर्धवट बंगल्याच्या स्लॅबवर अंडी घातली होती. त्यावरून पावसाचा अंदाज कसा काढायचा, हे आजीला विचारायला आजी राहिली नाही.

आता कोल्ह्याकडे येते. माळावर दोघं आहेत, कोल्हा आणि खोकड, आणि ग्रुपवर दोघांची भेसळ झालीये. व्हिडिओतला कोल्हा आहे, साधारण गावठी कुत्र्याएवढा. खोकड त्याहून बरंच लहान, मांजरापेक्षा थोडं मोठं, काटकुळे पाय, मोठाले कान, झुबकेदार शेपटी आणि तिचं टोक काळं. एकदा मी पायवाटेच्या वळणावर बुटाची नाडी बांधायला बसले होते, तेव्हा ते ओढ्यातून वर आलं. तोंडात उंदीर. मला बघून थबकलं, उंदीर खाली ठेवला, नाक वर करून वास घेतला, मग उंदीर नीट आडवा धरून उचलला आणि रस्ता ओलांडून गेलं. पळालं नाही, चालत गेलं. हा आमचा 'हिंस्र प्राणी'. उंदीर, टोळ, वाळवी, भुंगे, बोरं, हे त्याचं जेवण. ज्या माळाला सातबारावर पडीक म्हणून नोंद असते आणि ज्याला आपण 'तिथे काहीच नाही' म्हणतो, तिथेच याचं बीळ असतं. मराठवाड्यात मुळात जंगल किती? लातूर जिल्ह्यात तर वनाच्छादन एक टक्कासुद्धा नाही. आपल्याकडचं रानातलं जनावर गायरानात, माळावर, ओढ्याच्या काठाला आणि बांधाच्या झुडपात जगतं. तेवढीच त्याची इस्टेट.

मग मला पहाटे भीती वाटतच नाही का? वाटते की. पहिली भीती कुत्र्यांची. ओढ्याच्या पुलाजवळ चिकनच्या दुकानांचा कचरा रात्री गोण्या भरून टाकला जातो. पिसं, आतडी, कोंबड्यांचे पाय, सगळं. त्यात आपल्या घरातलं शिळंपाकं, स्कूटीवरून जाता जाता पिशवी भिरकावून दिलेलं. ही पिशवी भिरकावणारी माणसं आपल्याच ग्रुपमध्ये आहेत, अर्जावर त्यांच्या सह्याही आहेत. या उकिरड्यावर कुत्र्यांची टोळी पोसली जाते, आणि ती पळणाऱ्या माणसाला सोडत नाही. माझ्याबरोबर पळणाऱ्या मैत्रिणीच्या पोटरीला त्यातलंच एक डसलं. साबण लावून पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली जखम धुतली आणि तडक इंजेक्शनला नेलं. पुढचे सगळे डोस तिने तारखेला घेतले, तेवढी शिस्त पाहिजेच.

दुसरी भीती हायवांची. मुरूम भरलेला हायवा दिवे न लावता येतो, आणि त्या रस्त्याला फुटपाथ नावाची गोष्ट नाही. तिसरी भीती बायकांना वेगळी सांगायला नको. मोटारसायकल हळू करून बाजूबाजूने चालवणारे दोघं. त्यांच्यासाठी पिंजऱ्याचा अर्ज अजून कोणी केलेला नाही.

यानंतर कुठेतरी साप येतो. घोणस थंडीत रात्रीच्या गरम डांबरावर पडून राहते, आणि पाय जवळ पडला तर कुकरची शिट्टी अडकल्यासारखा लांब फुत्कार टाकते. तो एकदा ऐकला की विसरत नाही. म्हणून मी कानात काही घालत नाही आणि बॅटरी पायापुढे धरते. चावलाच कुणाला तर ओवाळून टाकायला, मांत्रिकाकडे न्यायला वेळ घालवायचा नाही, पाय हलवू न देता थेट घाटी, म्हणजे आपला मोठा सरकारी दवाखाना, गाठायची. नाग, मण्यार, घोणस, फुरसं, चौघांच्या विषावर एकच लस चालते.

आता बिबट्या, कारण खरा धसका त्याचाच आहे, आणि तो खोटा आहे असं मी म्हणणार नाही. ३ डिसेंबर २०१९ ला आपल्याच शहरात, सिडको एन-१ मध्ये, सकाळी फिरायला गेलेल्या लोकांना बिबट्या दिसला होता. काही तासांनी त्याला बेशुद्ध करून पकडलं, तोवर बघ्यांची जत्रा जमली होती. जुलै २०२४ मध्ये उल्कानगरीत सीसीटीव्हीत दिसला. म्हणजे उद्या आमच्या ओढ्यातही येऊ शकतो. पण येईल तर कशासाठी? नगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात, जिथे बिबटे उसात राहतात, तिथे अभ्यासकांनी त्यांच्या विष्ठेवरून खाणं तपासलं. वजनाच्या हिशेबाने सगळ्यात मोठा वाटा निघाला गावातल्या कुत्र्यांचा, सुमारे ३९ टक्के. शेळ्यांचा त्याहून कितीतरी कमी. तेव्हा पुलाजवळ कुत्री पोसून आपण कोणाचं ताट वाढून ठेवलंय, ते बघा.

आणि पिंजऱ्याचं म्हणाल तर तोही प्रयोग झालेला आहे. जुन्नर भागात २००१ ते २००३ या काळात बिबटे धडाधड पकडून लांब नेऊन सोडले. त्यानंतर माणसांवरचे हल्ले कमी व्हायच्या ऐवजी वाढले. नव्या मुलखात सोडलेलं जनावर बिथरतं, आणि रिकाम्या झालेल्या जागी दुसरं येतं. आमच्या ओढ्यातला कोल्हा नेला तर दुसरा कोल्हा येईल, कारण उकिरडा तिथेच असणार. खोकडाचं बीळ उठवलं तर मात्र ते परत येईलच असं नाही. त्याच्यामागे कुत्री आधीच लागलेली आहेत, आणि कुत्र्यांचे रोगही. सोलापूरजवळ नान्नजच्या माळरानावर कुत्र्यांमधल्या डिस्टेंपरची लागण खोकडांमध्ये सापडलेली आहे. नव्या बायपासवर सकाळी चिरडून पडलेलं दिसतं ते बहुतेकदा खोकड नाहीतर उदमांजर, आणि त्याची बातमी होत नाही.

मी प्राण्यांना देव मानणाऱ्यांतली नाही. माझा भाऊ कन्नड तालुक्यात शेती करतो. रोह्यांचा, म्हणजे नीलगायींचा, कळप एका रात्रीत हरभरा असा तुडवतो की सकाळी वावर बघवत नाही, आणि रानडुकरं मका बुडापासून आडवी पाडतात. मग पंचनामा, फोटो, अर्ज, आणि भरपाई कधी येईल तेव्हा येईल. त्याच्यासमोर मी खोकडाचं कौतुक सुरू केलं तर तो म्हणतो, "ये मग राखणीला, बॅटरी देतो." त्याचा राग मला पटतो, कारण त्याचं पोट शेतीवर आहे. आमच्या कॉलनीत कोल्ह्याने कोणाचं काय नेलं? एकाच्या गेटबाहेर ठेवलेली चप्पल. तीही कोल्ह्यानेच नेली याला पुरावा नाही.

थंडीत आमच्या इथल्या मोकळ्या प्लॉटवर धनगरांचा वाडा येऊन बसतो. मेंढरं, दोन घोडी, कोंबड्या, लेकरं. त्यांच्यातल्या एका म्हाताऱ्याला मी विचारलं होतं, इकडे लांडगा येतो का? म्हणाला, "येतो की बाई. त्याला काय पोट नाही का? आपण जागं राहावं." त्याचं जगणं मेंढरांवर, आणि तो जागं राहायची गोष्ट करतो. आमचं मागे गेट, पुढे गेट, वर सीसीटीव्ही, आणि आम्हाला पिंजरा पाहिजे.

पिसाळलेलं जनावर वेगळं. कोल्हा भर दिवसा, झोकांड्या खात, माणसाला न भिता अंगावर येत असेल तर तो धोकाच आहे. तेव्हा मीच पहिला फोन करीन, वनविभागाचा नंबर १९२६, ठेवा सेव्ह करून. बिबट्या खरंच दिसला तरी तोच नंबर, आणि पाठ फिरवून पळायचं नाही, वाकायचं नाही, ताठ उभं राहून मोठ्याने बोलत मागे मागे सरकायचं. लहान लेकरांना त्या वेळेला एकटं बाहेर सोडायचं नाही. एवढं जमलं तरी पुष्कळ झालं.

मला राहून राहून नवल वाटतं ते वेगळंच. प्लॉट विकताना जाहिरातीत लिहिलेलं होतं, 'डोंगराच्या कुशीत, निसर्गाच्या सान्निध्यात'. ते वाचूनच तर आपण इथे आलो, दोन पैसे जास्त देऊन. आता निसर्ग गेटपाशी आला तर अर्ज.

तर मी माझा वेगळा अर्ज लिहिलाय. पुलाजवळ कचरा टाकणं बंद, चिकनवाल्यांनी आपला कचरा झाकलेल्या पिंपात ठेवून कचऱ्याच्या गाडीतच द्यायचा. कुत्र्यांची नसबंदी आणि रेबीजची लस, त्यासाठी लागणारी वर्गणी द्यायला मी तयार आहे. आणि ओढ्याच्या दोन्ही काठांची झुडपं 'स्वच्छता मोहिमे'च्या नावाखाली जेसीबी लावून साफ करायची नाहीत, जो प्रस्ताव मागच्या मिटिंगला आला होता. ओढा बुजवला की पावसाळ्यात पाणी कोणाच्या पार्किंगमध्ये शिरतं, ते खालच्या गल्लीवाल्यांना विचारा.

खोकडाचं बीळ नेमकं कुठे आहे ते बऱ्याच जणांनी इनबॉक्समध्ये विचारलंय. नाही सांगणार. मागे घुबडाचं घरटं सांगितलं गेलं, तर दुसऱ्या दिवशी पंधरा मोबाईल आणि एक ड्रोन आला होता. बघायचंच असेल तर पहाटे पाचला माझ्याबरोबर पळायला चला, दिसलं तर दिसलं.

मिटिंग रविवारी दहाला, दत्त मंदिरासमोरच्या शेडमध्ये. दोन्ही अर्ज टेबलावर असतील. चिकनच्या दोन्ही दुकानवाल्यांना मी स्वतः जाऊन बोलावलंय, एकाने येतो म्हणून सांगितलंय.