भोकं नसलेला मॉन्स्टेरा खोटा नसतो

गेल्या पंधरवड्यात एकच मेसेज मला चार ग्रुपांवर आला. दोन गच्चीबागेचे, एक सोसायटीचा, एक शाळेतल्या मित्रमैत्रिणींचा. मथळा ‘नर्सरीवाल्यांपासून सावध’, आणि खाली चार नियम. पानाला भोकं नसतील तर तो मॉन्स्टेरा (मोठ्या, भोकाभोकांच्या पानांचा शोभेचा वेल) नव्हे, मनी प्लांट महागात गळ्यात मारलाय. पान कातरलेलं असेल तर डोळे झाकून मॉन्स्टेरा समजा. एकाच वेलीवर दोन तऱ्हेची पानं दिसली तर ते कलम तरी आहे किंवा रोग तरी, वेगळी पानं छाटून टाका. आणि शंका आलीच तर एका पानाचा फोटो ॲपला दाखवा.

चारही नियम चुकीचे आहेत. हा मेसेज वाचून आमच्या कोथरूडच्या इमारतीतल्या काकू कुंडी घेऊन नर्सरीवाल्याशी भांडायला निघाल्या होत्या. जिन्यातच त्यांना थांबवलं, म्हणून एका गरीब माणसावरचा खोटा आळ टळला.

पहिला नियम आधी घेऊ. मॉन्स्टेरा डेलिसिओसा हा दक्षिण मेक्सिकोपासून पनामापर्यंतच्या जंगलातला वेल. बी जमिनीवर रुजतं, तिथं उजेड जेमतेम, आणि रोपाला आधी चढायला झाड शोधायचं असतं. या वयातली पानं लहान, अखंड, बदामाच्या आकाराची असतात. खोडावर चढून उजेड मिळायला लागला की पुढची पानं मोठी होत जातात आणि मग कातरलेली येतात. भोकं उघडलेल्या पानाला पडतच नाहीत. पान अजून कोंबात असताना ठरावीक जागच्या पेशी मरतात, पान वाढेल तशी ती जागा मोठी होते, आणि भोक कडेपर्यंत पोचलं की चीर दिसते. त्यामुळे आज अखंड असलेलं पान कितीही खत घातलं तरी अखंडच राहणार. बघायचं ते पुढच्या सुरळीकडे.

मग काकूंचा मॉन्स्टेरा खरा कशावरून? आम्ही कुंडीतली माती बोटाने बाजूला सारली. तीन रोपं होती, तिन्ही थेट मुळांवरून उठलेली, कापलेल्या खोडाचा तुकडा कुठेच नाही. म्हणजे बियांची रोपं. मनी प्लांट बियांचा असूच शकत नाही, कारण तो जवळजवळ कधीच फुलत नाही. जिब्रेलिन हे संप्रेरक बनवणाऱ्या एका जनुकात बिघाड आहे म्हणून, हे २०१६ साली अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिनाच्या संशोधकांनी दाखवलं. जगभरचा मनी प्लांट फांदीवरूनच वाढवलेला आहे. त्याच्या कुंडीत उकरलं तर खोडाचा कापलेला तुकडा सापडतो. काकूंच्या रोपाचं नवं पान आधीच्या पानाच्या देठाच्या खोबणीतून निघत होतं, त्याला वेगळं पातळ आवरण नव्हतं. फिलोडेंड्रॉन या त्याच कुळातल्या शोभेच्या झाडाच्या कोंबाला असं आवरण असतं, पुढे ते सुकून गळतं. तेव्हा तो फिलोडेंड्रॉन असेल ही शंकाही मिटली.

दुसरा नियम मला सगळ्यात जास्त खुपतो, कारण तो खोटा पाडणारा पुरावा पुण्यात जागोजागी उभा आहे. एखाद्या जुन्या बंगल्याच्या आवारात किंवा कॉलेजच्या कॅम्पसमध्ये मोठ्या झाडावर चढलेला मनी प्लांट शोधा आणि बुंध्यापाशी उभे राहा. पायाशी आपल्या खिडकीतल्या बाटलीतलं तळहाताएवढं पान असतं. खांद्याच्या उंचीला तेच ताटाएवढं. मान वर केली की सुपाएवढी पानं, पिवळे पट्टे तसेच, पण कडेपासून आत चिरलेली. खाली उभं राहून कोणीही ‘मॉन्स्टेरा’ म्हणेल. बोट वेलावर ठेवून वरून खाली आणा, मध्ये कुठेही जोड लागत नाही. तोच वेल, फक्त वय वेगळं. हीच फांदी उतरवून टांगत्या कुंडीत सोडा, पानं पुन्हा लहान व्हायला लागतील. चढताना मोठी, लोंबताना लहान, हा या वेलांचा स्वभावच आहे.

याच वेलाने वनस्पतिशास्त्रज्ञांनाही चकवलंय. मूळ ताहितीशेजारच्या मोओरेआ बेटाचा. १८८०मध्ये त्याला पोथॉस या गटात घातलं, नंतर सिंडॅप्सस या गटात. १९६२मध्ये एकदाचं फूल हाती आलं, तेव्हा आधी रॅफिडोफोरात टाकलं आणि १९६४मध्ये एपिप्रेम्नममध्ये. नुसतं पान बघून कुळातला नेमका भाऊ ओळखणं तज्ज्ञांनाही जमलं नाही, तर मग नर्सरीतल्या पोरावर ओरडायचा आपल्याला काय हक्क?

जाता जाता, ‘मिनी मॉन्स्टेरा’ म्हणून विकतात तो मॉन्स्टेराचं पिल्लू नव्हे. तो थायलंड-मलेशियाकडचा रॅफिडोफोरा टेट्रास्पर्मा. त्याचं पान पातळ, कडेपासून चिरलेलं असतं. पूर्ण वाढलेल्या डेलिसिओसात मधल्या शिरेलगत बंद भोकंही दिसतात, ती याच्यात नसतात.

तिसरा नियम तर झाडाचं नुकसानच करतो. मुळात ही मंडळी अळू-सुरणाच्या कुळातली. अळूच्या फदफद्यात आपण ज्या खाजेसाठी चिंच घालतो, तीच खाज यांच्याही पानात असते, म्हणून लहान मुलं आणि मांजरांपासून ती लांबच ठेवा. आंब्या-गुलाबासारखी कलमं या कुळात बांधत नाहीत, तेव्हा कलमाचा संशय मुळातच फोल. याच कुळातला सिंगोनियम हा वेल बघा: लहानपणी बाणाच्या टोकासारखं पान, चढला की तेच पाच-सात भागांत पंजासारखं फुटतं. छाटलात तर नवे कोंब पुन्हा बाणासारखी पानं घेऊन येतात. ज्यांना तोच आकार आवडतो ते मुद्दाम छाटतात, तो रोगावरचा इलाज नव्हे. वय झालं की पान बदलणं इतर कुळांतही आहे. कुंपणाच्या भिंतीला चिकटलेल्या फायकस प्युमिलाची पानं नखाएवढी असतात, आणि त्याच वेलाच्या भिंतीपासून बाहेर आलेल्या फळणाऱ्या फांद्यांवर जाड, बोटभर लांब. कोकणात घर असेल तर फणसाचं कोवळं रोप बघा, त्याला बऱ्याचदा खाचा पडलेली पानं असतात, मोठ्या फणसाला नाहीत.

राहिलं ॲप. वापरा, मीही वापरतो. पण एका पानाच्या फोटोत वेलाचं वय कुठे दिसतं? ॲप देतं तो आकाराशी जुळणारा अंदाज. माझ्या फोनने झाडावरच्या मनी प्लांटला एकदा मॉन्स्टेरा ठरवलं होतं, आणि त्याच वेलाचं बुंध्याजवळचं पान दाखवल्यावर बरोबर नाव सांगितलं. फोटो काढायचेच तर चार काढा: सगळ्यात जुनं पान, सगळ्यात नवं पान, देठ खोडाला मिळतो तो पेराचा भाग हवाई मुळांसकट, आणि वेल कशावर चढलाय ते. सिंगोनियमचा संशय असेल तर एक देठ मोडून बघा, पांढरा चीक येतो. नंतर हात धुवा.