बीपीच्या गोळीचा हिशोब कोण मांडणार?

आमच्या सिंधुदुर्गात आरोग्याचा विषय निघाला की पहिली मागणी होते मोठ्या हॉस्पिटलची. ती रास्तच आहे, रात्री-अपरात्री पेशंट घेऊन गोव्यातलं बांबोळीचं सरकारी हॉस्पिटल गाठणाऱ्यांना विचारा. पण पैसा मोजका असेल तर आधी कुठे घालावा? माझ्या मते उपकेंद्रातल्या बीपी-शुगरच्या गोळ्यांवर. त्या एक दिवसही संपता कामा नयेत.

स्वस्त गोळी काय करू शकते हे कोकणाने पाहिलंय. तांबडा विंचू चावला की धडधाकट माणूस घाम फुटून, छातीत पाणी भरून जायचा. महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात काम केलेल्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी त्यावर प्राझोसिन वापरलं. तीही मुळात बीपीचीच गोळी. सुमारे ४० टक्क्यांपर्यंत असलेलं मृत्यूचं प्रमाण एक टक्क्याच्या आसपास आलं. गोळी स्वस्त होतीच, पण ती गावाजवळ आणि वेळेवर मिळाली म्हणून माणसं वाचली.

आता दुसरी बाजू. आमच्या वाडीतले एक काका डायलिसिसवर आहेत. महात्मा फुले योजनेमुळे उपचाराचे पैसे लागत नाहीत, ती नसती तर घर केव्हाच बसलं असतं. पण पहाटेची रिक्षा, सोबत जाणाऱ्या मुलाचा बुडालेला रोज, चार तास मशीनला, बाहेरचं जेवण, घरी आल्यावर उद्यापर्यंत अंथरूण. हे सगळं आठवड्यातून दोनदा. ऐन आंब्याच्या हंगामात मुलगा बागेत नसतो. सरकारी हिशोबात यातला एक रुपया दिसत नाही. आणि किडनी जाण्याची दोन मोठी कारणं म्हणजे शुगर आणि बीपी.

बीपी नियंत्रणाचा राष्ट्रीय उपक्रम २०१७ मध्ये सुरू झाला, तेव्हा पहिल्या काही जिल्ह्यांत सिंधुदुर्ग होता. ठरलेली औषधं, महिन्याच्या गोळ्या एकदम, न आलेल्या पेशंटचा पाठपुरावा. आखणी उत्तम. ती मोडते ती शेवटच्या टप्प्यावर. गोळ्या संपल्या, पुढच्या आठवड्यात या, असं ऐकून परतलेली काकी शेजारणीकडून पट्टीतल्या चार गोळ्या कात्रीने कापून आणते. त्या संपल्या की म्हणते, "माका बरां वाटता, मगे गोळी कित्याक खाऊ?" तिला दोष देऊ नका. बीपी दुखत नाही, आणि भर पावसात व्हाळ ओलांडून दुसरी खेप घालणं साधं नाही.

म्हणून येत्या ग्रामसभेत मी एवढंच मागणार आहे: ज्यांचं बीपी आटोक्यात आहे त्यांना पावसाळ्याआधी तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम द्या, आणि उपकेंद्रात किती साठा शिल्लक आहे ते दर सोमवारी फळ्यावर लिहा. तुमच्या गावात सध्या किती दिवसांच्या गोळ्या मिळतात? खाली गावाच्या नावासह लिहा, मी यादी करून सोबत नेतो.