दार लावून केलेली प्रार्थना

गेल्या आठवड्यात घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दादानं लिहिलं, "घरात माणसं जमवून प्रार्थनासभा कशाला? चर्च आहे ना? लपवायचं काही नसेल तर पोलिसांची परवानगी काढायला काय हरकत आहे?" विषय धर्मांतरविरोधी कायद्याचा. फेब्रुवारी २०२५मध्ये राज्य सरकारनं त्यासाठी पोलीस महासंचालकांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, तेव्हापासून आमच्या घरात हा वाद अधूनमधून पेटतो.

दादा, मी राहतो त्या अमेरिकेतल्या चार्ल्सटन शहरात या परवानगीचा जुना इतिहास आहे.

चार्ल्सटन ज्या राज्यात आहे त्या साउथ कॅरोलायनात १८०० साली एक कायदा झाला. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी गुलामांनी, इतकंच काय स्वतंत्र कृष्णवर्णीयांनीही, शिक्षणासाठी किंवा उपासनेसाठी जमायचं नाही. दार आतून लावून तर मुळीच नाही. दिवसभर मालकाच्या कामाला जुंपलेल्या माणसाला देवाचं नाव घ्यायला उरते ती रात्रच, आणि नेमकी तीच काढून घेतली. १८०३मध्ये थोडी सूट मिळाली: रात्री नऊच्या आत आणि जमलेल्यांत गोऱ्यांची संख्या जास्त असेल तर चालेल. म्हणजे प्रार्थना करा, पण आमच्या नजरेखाली.

तरीही हजारो कृष्णवर्णीयांनी गोऱ्यांच्या मेथडिस्ट चर्चमधून बाहेर पडून स्वतःचं चर्च उभं केलं. १८१८मध्ये तिथल्या सुमारे १४० जणांना पकडलं. १८२२मध्ये उठावाच्या कटाचा आरोप ठेवून याच चर्चमधल्या डेन्मार्क व्हेसी यांच्यासह ३५ जणांना फासावर चढवलं. व्हेसींनी लॉटरीत मिळालेल्या पैशातून स्वतःचं स्वातंत्र्य विकत घेतलं होतं. कट खरोखर किती पुढे गेला होता यावर इतिहासकार अजून भांडतात. पण चर्चची इमारत पाडली गेली, आणि १८३४मध्ये शहरात केवळ कृष्णवर्णीयांच्या चर्चवर बंदीच आली. पुढची तीसेक वर्षं ही मंडळी चोरून जमत राहिली. १८६५मध्ये, यादवी युद्ध संपल्यावर, उघड्यावर आली.

तेच आजचं इमॅन्युएल चर्च. १७ जून २०१५ला, बुधवारी संध्याकाळी, तिथे बायबलचा वर्ग भरला होता. एक अनोळखी गोरा तरुण आला. त्याला कुणी काही विचारलं नाही, बसायला जागा दिली. त्यानं नऊ जणांना गोळ्या घातल्या. त्या रस्त्यावरून जाताना मला दरवेळी वाटतं, ज्यांच्या जमण्याची शहराला एवढी दहशत होती, त्यांनी दार उघडंच ठेवलं होतं.

दादा म्हणेल, तिकडचं इकडे लावू नकोस. फरक मलाही कळतो. तिथला गुलाम ही मालकाची मालमत्ता होती, आपल्याकडे प्रत्येकाला मत आहे, कोर्ट आहे, धर्मस्वातंत्र्य देणारं राज्यघटनेचं २५वं कलम आहे. पण तिकडचं इकडे लावणारा मी पहिला नाही. जोतीरावांनी १८७३मध्ये 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या लोकांनाच अर्पण केली होती, गुलामांना मुक्त केल्याबद्दल. त्यांना दोन्हीकडच्या दुःखाची जात एकच दिसली होती.

जबरदस्तीनं किंवा फसवून कुणाचा धर्म बदलला तर शिक्षा व्हावी, याबद्दल माझं दुमत नाही. पण ज्यानं फसवलं त्याला पकडा. चार माणसं एका खोलीत बसली, गायली, रडली, हाच पुरावा धरायचा हे मला मान्य नाही. परवानगी देणारा कधीच मोकळा नसतो. कोण आलं, किती आले, कोणती भाषा बोलले, हे तो विचारणारच. आणि परवानगी मागायला जाणारा बहुधा गरीब असतो, पाड्यावरचा असतो. तुझ्यामाझ्यासारख्याला ती कधी मागावीच लागत नाही.

इथे आम्ही मराठी माणसं मूठभर. दर महिन्याला कुणाच्या तरी घरी भजन असतं. टाळ असतात, हार्मोनियम असते, पंधरा-वीस गाड्या रस्त्याच्या कडेला लागतात. मागच्या वर्षी सत्यनारायणाला शेजारची एक गोरी बाई सहज आली, प्रसाद घेऊन गेली, तिनं कृती विचारली. आमच्या या जमण्याची नोंद कुठल्याही पोलीस ठाण्यात नाही. दादा, तू इथे आलास तेव्हा त्याच भजनाला मांडी घालून बसला होतास. रात्री साडेदहा वाजले होते आणि दार आम्ही आतून लावलं होतं.